पेशीचा विग्रह

(शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



निमंत्रण आले तेव्हा मला विषय दिला होता, ‘मराठी माध्यमासमोरील आव्हाने’. या विषयावर गेली तीस वर्षे मी बेळगावात भाषणे ऐकत आले आहे. त्यांतली दोन-तीन माझी स्वतःचीच होती. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलला. आज मी दहावीच्या जीवशास्त्राच्या उजळणीबद्दल बोलणार आहे. समोरच्या मुलांची परीक्षा काही आठवड्यांवर आली आहे. तेव्हा निदान त्यांना तरी मी वेळ वाया घालवला असे वाटू नये.

मी जीवशास्त्राची शिक्षिका नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. या भानगडीत मी पडले ते आमच्या गल्लीतल्या एका मुलीमुळे. ती मराठी माध्यमातून एस.एस.एल.सी.ला बसणार होती. एका रविवारी वही घेऊन आली आणि म्हणाली, “काकू, मला विज्ञान शिकवू नका, ते सर शिकवतात. तुम्ही नुसते हे शब्द सांगा.” वहीच्या पानावर तिने एकाखाली एक शब्द लिहिले होते: परासरण, प्रकाशसंश्लेषण, तंतुकणिका, अर्धगुणसूत्री, उत्सर्जन, अलिंद, निलय, अप्रभावी. मी ते पान वाचले आणि लक्षात आले, की या मुलीला माझ्याच विषयात अडचण आहे. तेव्हापासून जानेवारी-फेब्रुवारीतल्या रविवारी पाच-सहा मुले माझ्याकडे येतात. जिथे माझी मती चालत नाही तिथे मी आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना फोन करते. त्यांनी माझ्या बऱ्याच चुका सुधारल्या आहेत.

पहिलाच शब्द घ्या. ‘पेशी हा सजीवांचा रचनात्मक व कार्यात्मक घटक आहे’ हे वाक्य मराठी माध्यमाच्या मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी येते. ‘कार्यात्मक म्हणजे काय रे?’ असे विचारले की तो झोपेतून उठल्यासारखा बघतो. कार्यात्मक म्हणजे एवढेच, की जगण्यासाठी लागणारी सगळी कामे या एवढ्याशा खोलीत चालतात. अन्नातून ऊर्जा मिळवणे, प्रथिने घडवणे, टाकाऊ बाहेर काढणे, वाढणे, दुभंगून दोन होणे. अमीबाला तर ही एकच खोली आहे. तो तेवढ्यात संसार करतो.

खोली हा शब्द मी मुद्दाम वापरला. 1665 साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातल्या कप्प्यांना इंग्रजीत ‘सेल’ म्हटले. सेल म्हणजे छोटी खोली. त्याने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. आपला ‘पेशी’ हा शब्द निराळ्या घरातून आला. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी मोजल्या त्या म्हणजे आजचे स्नायू. हिंदीने तोच अर्थ ठेवला. माझी भाची इंदूरला हिंदी माध्यमात शिकली. घरात मराठी, शाळेत हिंदी. तिच्या पुस्तकात आपली पेशी झाली ‘कोशिका’, आपला स्नायू झाला ‘पेशी’, आणि ‘स्नायु’ म्हणजे हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध. सुटीत ती आली की दोघी मावसबहिणी एकमेकींची पुस्तके बघून वाद घालायच्या आणि दोघीही बरोबर असायच्या. इंदूर, ग्वाल्हेरकडची मंडळी हे वाचतील त्यांना हा गोंधळ मी सांगायला नको. त्यांच्या मुलांना आजोबांनी मराठीत जीवशास्त्र समजावण्याआधी एवढे तीन शब्द कागदावर लिहून घ्यावेत.

आता समासाकडे येते. मराठीच्या पेपरात समास आहेत, मुले त्यांचा विग्रह पाठ करतात. पण तो विग्रह विज्ञानाच्या पेपरात न्यायला त्यांना कोणी सांगत नाही. मी एकाला विचारले, “प्रकाशसंश्लेषण, विग्रह कर.” त्याने क्षणात सांगितले, “प्रकाशाचे संश्लेषण. षष्ठी तत्पुरुष.” म्हणजे त्याच्या मते झाड प्रकाश तयार करत होते! दोन वर्षे तो ही प्रक्रिया शिकला होता, आकृती काढत होता, गुणही मिळवत होता. इथे विभक्ती बदलली की सगळे शास्त्र बदलते. प्रकाशाने संश्लेषण, तृतीया तत्पुरुष. प्रकाश हे साधन आहे. आणि विश्लेषण म्हणजे सुटे करणे, तर संश्लेषण म्हणजे सांधणे. काय सांधायचे? हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेले पाणी. कुठे? हरितलवकात. सांधून काय होते? ग्लुकोज. ऑक्सिजन यात बाहेर पडतो, आणि तो येतो पाण्यातून, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. मुलांनो, हे शेवटचे वाक्य अधोरेखित करा, कारण इथे भलेभले चुकतात. दुसरी चूक अशी, की ‘झाडाचे वस्तुमान कुठून येते?’ म्हटले की सगळे ‘मातीतून’ म्हणतात. मातीतून पाणी येते आणि क्षार येतात. आंब्याच्या खोडातले जे कोरडे लाकूड आहे, त्यातला कार्बन सगळा हवेतून आलेला आहे. हे कळल्यावर एका मुलाने खिडकीबाहेरच्या झाडाकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर माझ्या कवितेच्या तासाला मला क्वचित मिळते.

याच्याच शेजारी श्वसन. इथे मराठीने आपल्याला दोन शब्द दिले आहेत आणि आपण ते एकमेकांत मिसळतो. श्वासोच्छ्वास म्हणजे छातीचा भाता: हवा आत, हवा बाहेर. श्वसन त्यापुढे, पेशीत चालते. ग्लुकोजचा रेणू पेशीद्रवात आधी अर्धा तुटतो, मग ऑक्सिजन असेल तर तंतुकणिकेत त्याचे पुढचे विघटन होऊन ऊर्जा मिळते. ऑक्सिजन कमी पडला, म्हणजे तुम्ही बस पकडायला धावलात, तर स्नायूत लॅक्टिक आम्ल बनते. यीस्टला ऑक्सिजन मिळाला नाही तर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. पाव फुगतो तो त्या वायूने. हा भेद नीट कळला की ‘झाडे दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि फक्त रात्री श्वसन करतात’ हे वाक्य कोणी लिहिणार नाही. झाड दिवसरात्र श्वसन करते. दिवसा संश्लेषणाचा वेग जास्त असतो, म्हणून श्वसन झाकले जाते, इतकेच.

परासरणाला मी वेळ देत नाही, ते काम स्वयंपाकघर करते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधी लावले तर पाणी का सुटते, आणि बेदाणे भिजवले तर का फुगतात, हे घरी जाऊन पाहा. दोन्हीकडे पाणी पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे, पटलातून निघाले आहे. बहिःपरासरण आणि अंतःपरासरण हे शब्द मग आपोआप जागेवर बसतात.

उत्सर्जनापाशी मात्र थांबते. मुले लिहितात, ‘शरीरातील मल व मूत्र बाहेर टाकणे म्हणजे उत्सर्जन.’ यातला मल चुकीचा आहे. न पचलेले अन्न आतड्यातून गेले. त्यातला बहुतेक भाग तुमच्या पेशींत कधी शिरलाच नव्हता. तो पाहुणा दारातूनच परत गेला. उत्सर्जन म्हणजे पेशींनी जगता जगता स्वतः जो कचरा केला, तो बाहेर टाकणे. युरिया हा त्यातला मुख्य. आणि वृक्काचे काम ऐकून तर मी थक्क झाले. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव वृक्कांतून प्राथमिक गाळणीत उतरतो आणि मूत्र होते लिटर-दोन लिटर. बाकी सगळे पाणी परत रक्तात घेतले जाते. म्हणून ‘वृक्क गाळते’ एवढेच लिहू नका. ‘गाळते आणि परत शोषते’ असे लिहा. अर्धे उत्तर त्या दुसऱ्या क्रियापदात आहे.

आता हृदय. इथे मला आपल्या शेजाऱ्यांचे ऋण मान्य करायचे आहे, आणि ते बेळगावात उभे राहून मान्य करताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

आपण म्हणतो अलिंद आणि निलय. आम्ही शाळेत कर्णिका आणि जवनिका शिकलो होतो. पिढी बदलली, शब्द बदलले. मुलांना विचारा, रक्त आधी कुठे येते? निम्मी मुले अडखळतात. अलिंद म्हणजे घराच्या दारापुढची ओसरी. निलय म्हणजे घर. पाहुणा आधी ओसरीवर येतो, मग घरात जातो. इतके सांगितले की तो प्रश्न आयुष्यभरासाठी सुटतो. गंमत अशी, की इंग्रजीत ज्याला ‘एट्रियम’ म्हणतात तोही रोमन घराचा दर्शनी चौक. कन्नड पुस्तकात मात्र हृत्कर्ण आणि हृत्कुक्षि आहेत, म्हणजे हृदयाचा कान आणि हृदयाचे पोट. जुन्या लॅटिन शब्दांचे ते सरळ भाषांतर. तिथे मला आपली ओसरी जास्त आवडते.

पण रक्तवाहिन्यांत कन्नडने आपल्याला मागे टाकले. मराठीत धमनी आणि शिरा. या दोन शब्दांत असे काहीच नाही, की ज्यावरून कोणती कुठे जाते ते कळावे. आपली दुसरी जोडी रोहिणी आणि नीला, तांबडी आणि निळी. दिसायला सुंदर, पण फुप्फुसापाशी ती दगा देते. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते, आणि फुप्फुसाकडून परत येणाऱ्या शिरेत ऑक्सिजनने भरलेले. रंगावरून पाठ केले त्याचे उत्तर नेमके इथे चुकते, आणि प्रश्नही नेमका इथलाच येतो. कन्नडमध्ये काय आहे? अपधमनी आणि अभिधमनी. अप म्हणजे दूर, अभि म्हणजे कडे. हृदयापासून दूर नेते ती अपधमनी, हृदयाकडे आणते ती अभिधमनी. रक्त कोणत्या रंगाचे आहे याच्याशी काही देणेघेणे नाही. अपवाद शून्य. आमच्या मुलांना कन्नड भाषा म्हणून शिकावीच लागते, शब्द ओळखीचे असतात. मी त्यांना सांगते, उत्तर मराठीत लिहा, पण डोक्यात ‘अप’ आणि ‘अभि’ ठेवा. उपसर्ग दोन्ही भाषांनी एकाच ठिकाणाहून घेतले आहेत. भाषेचे राजकारण मला कळते, ते मी जगले आहे. पण फुप्फुसधमनीचा प्रश्न सोडवायला शेजारच्या भाषेतला चांगला उपसर्ग मिळत असेल तर तो न घेण्याइतकी मी श्रीमंत नाही.

गुणसूत्रांचेही तसेच. इंग्रजी शब्दाचा ग्रीक अर्थ ‘रंगीत काया’. रंगद्रव्य टाकल्यावर ती उठून दिसली म्हणून 1888 साली वाल्डेयरने ते नाव दिले. कन्नडमध्ये वर्णतंतु, रंगाचा धागा. आपण नाव दिले ते दिसण्यावरून नाही, कामावरून: गुणांचे सूत्र. आणि मग विभाजनांची नावे तर उत्तरपत्रिकाच आहेत. अर्धगुणसूत्री: ज्यात गुणसूत्रे अर्धी होतात ते. माणसात 46ची 23. एवढा बहुव्रीही सोडवला की कोणते विभाजन शरीराच्या वाढीसाठी आणि कोणते युग्मके तयार होताना, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. अर्धे कशासाठी करायचे? कारण दुसरे अर्धे दुसरीकडून येणार आहे. पुढे पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही, ती आकृती काढून काढूनच हाताला बसते.

मात्र सगळे शब्द असे गुणी नसतात. ‘अप्रभावी’ हा शब्द मला अनेक वर्षे छळतो आहे. व्यवहारात अप्रभावी म्हणजे निकामी, ज्याचा उपयोग नाही असा. मुलांना वाटते अप्रभावी गुण पुढे नाहीसाच होतो. मेंडेलने उंच आणि बुटक्या वाटाण्यांचा संकर केला, पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच आली, बुटकेपणा गेला असे वाटले. दुसऱ्या पिढीत 1064 झाडांपैकी 787 उंच आणि 277 बुटकी आली. बुटकेपणा गेला नव्हता, दबून बसला होता. एका मुलाने भागाकार केला आणि म्हणाला, “काकू, हे तर 2.84 आलं, पुस्तकात 3 आहे.” मला फार आनंद झाला. नाणे शंभर वेळा उडवले तर नेमके पन्नास वेळा छाप पडत नाही. प्रमाण हे शक्यतेचे असते, हे त्याला त्या भागाकाराने शिकवले.

आणि हा शक्यतेचा मुद्दा परीक्षेपुरता नाही. सिकलसेल हा आजार याच अप्रभावी पद्धतीने पुढे जातो. आपल्याकडे विदर्भात तो पुष्कळ घरांत आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मुले याचा अर्थ असा लावतात, की पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली. असे नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता पुन्हा चारात एकच. शिक्षक बंधुभगिनींनो, हे वाक्य वर्गात दोनदा म्हणा. ते ऐकणारी एखादी मुलगी दहा वर्षांनी रक्ततपासणीच्या रांगेत उभी असू शकते.

शब्दांची यादी घेऊन आलेल्या त्या मुलीकडे परत येते. तिची परवानगी घेऊनच सांगते आहे. मी मुलांना एक गृहपाठ देते: शिकलेली एक गोष्ट घरातल्या कुणाला तरी, पुस्तक न उघडता, पुस्तकातला शब्द न वापरता सांगायची. तिने लिंगनिश्चितीचा भाग निवडला आणि तो आजीला सांगायचे ठरवले. तीन बहिणींतली ती तिसरी. तिसरी झाल्यावर तिच्या आईने घरात काय ऐकले असेल ते मी इथे सांगत बसत नाही.

तिने स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणल्या. एका वाटीत दोन हरभरे. ती आईची वाटी. दुसरीत एक हरभरा आणि एक वाटाणा, ती बाबांची. बाळाला प्रत्येक वाटीतून एकेकच दाणा मिळतो. दोन हरभरे आले तर मुलगी, हरभरा आणि वाटाणा आला तर मुलगा. पुस्तकातला एक्स म्हणजे हरभरा, वाय म्हणजे वाटाणा. आजी कधी शाळेत गेली नव्हती, पण हिशेबाला पक्की. तिने वाट्यांकडे पाहून विचारले, “मग वाटाणा कुणाच्या हातात?” मुलगी म्हणाली, “हातात कुणाच्याच नाही, आजी. डोळे मिटून उचलल्यासारखं असतं. पण वाटाणा असतो बाबांच्याच वाटीत. आईच्या वाटीत तो नसतोच.”

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे कधी कळलं गं लोकांना?”

हे पुस्तकात नव्हते. दुसऱ्या रविवारी मुलगी तो प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. मीही शोधूनच सांगितले: 1905. नेटी स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन संशोधिकेने पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून ते दाखवले. त्याच सुमारास एडमंड विल्सनही त्याच निष्कर्षाला पोहोचला. मुलीने साल वहीत लिहून घेतले. आजीचा जन्म 1948चा होता. घरी जाऊन तिने ते सांगितले एवढे मला माहीत आहे. त्यावर आजी काय म्हणाली, ते मी विचारले नाही.

आता माध्यमाबद्दल एकच गोष्ट, कारण मूळ विषय तो होता. यंदा समोर बसलेल्यांपैकी जे पी.यू.सी.ला विज्ञान घेतील, त्यांचे जीवशास्त्र जूनपासून इंग्रजीत सुरू होईल. म्हणजे या काही आठवड्यांतली उजळणी ही त्यांची मराठीतली शेवटची उजळणी. पुष्कळ पालक मला विचारतात, की मग हे शब्द आत्ता घोकून काय उपयोग, जूनमध्ये सगळे पुसूनच टाकायचे आहेत. ज्याने घोकले, त्याचे पुसले जाते हे खरे आहे. मी ते पाहिले आहे. अशी मुले अकरावीच्या पहिल्या चाचणीत कोसळतात, आणि दोष माध्यमाला लागतो.

त्या मुलीने विज्ञानच घेतले. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत ती फराळाला आली तेव्हा तिचे इंग्रजी पुस्तक मी चाळले. समासात पेन्सिलीने तिने मराठी शब्द लिहिले होते. सुरुवातीच्या पानांवर ते दाट होते: पेशी, तंतुकणिका, हरितलवक, पटल. ‘मायटोकॉन्ड्रिया’पुढे लिहिले होते, ‘तोच तंतू, तीच कणिका.’ पुढे पुढे अक्षरे विरळ होत गेली. रक्ताभिसरणाच्या धड्यापर्यंत पाने जवळजवळ कोरी होती. फक्त जिथे ‘आर्टरी’ हा शब्द पहिल्यांदा येतो, तिथे समासात दोन अक्षरे होती: अप.